पान उलटून पाहा

खडकवासला धरणाच्या भिंतीपासून पुढे निघाले की रस्ता पाण्याच्या कडेकडेने खानापूर ओलांडतो आणि पानशेतकडे वळतो. दोन्ही बाजूंना भातखाचरे, मधेच चिंच-आंब्याची सावली, आणि घरामागे हमखास एक परस. परस कुठेही फार मोठा नसतो. एका कोपऱ्यात मोरीचे पाणी जाते तिथे अळू आणि केळ, कुडाच्या कुंपणावर वालपापडी, मांडवावर दोडका किंवा कारले, वाफ्यात चार वांगी आणि चार मिरच्या, दाराशी तुळस, विहिरीकडे कढीपत्ता आणि लिंबू. घराची रोजची भाजी यातूनच निघते.

डिसेंबरातल्या एका ढगाळ सकाळी अशाच एका परसात वालाच्या वेलाचे शेंडे काळे पडलेले दिसले. जवळ जाऊन पाहिले तर तो काळेपणा हलत होता. काळा मावा होता तो, एकाला एक चिकटून, कोवळ्या देठाभोवती लिंपल्यासारखा. घरातली आजी हातात राखेचे घमेले घेऊन आली. मी विचारले, "आजी, औषध नाही मारत?" ती म्हणाली, "कशाला? उद्या शेंगा तोडायच्या, परवा पोरांच्या ताटात जायच्या. अन् ह्यो पाऊस सगळा धुऊन धरणातच नेतो की." मग तिने एक पान उलटले आणि बोट दाखवले. "ह्यांना मात्र राख लागू द्यायची नाय. ही खात्यात माव्याला."

तिने दाखवला तो करड्या अंगाचा, नारिंगी ठिपक्यांचा, सुसरीच्या पिल्लासारखा दिसणारा इवलासा किडा. तो ढालकिड्याची अळी. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला गोल ढालकिडा सगळ्यांना ओळखता येतो. त्याची अळी मात्र इतकी वेगळी दिसते की बहुतेक जण तिलाच कीड समजून मारतात. आपल्या बाजूने लढणाऱ्याला आपणच असे ठार करतो. घरच्या बागेतल्या कीड नियंत्रणाची सुरुवात म्हणून फवारणीच्या पंपापासून करू नये. ती नजरेपासून करावी. फवारण्याआधी पान उलटून पाहावे, एवढे एक सूत्र पक्के धरले तरी निम्मे काम होते.

पानाच्या पाठीमागचा संसार

पानाची वरची बाजू ऊन-पाऊस झेलते, म्हणून कीड राहते ती खालच्या बाजूला. मावा, पांढरी माशी, तुडतुडे, लाल कोळी, पिठ्या ढेकूण यांची वस्ती तिथेच असते. यातले बहुतेक सोंड खुपसून रस शोषणारे. पान वळते, पिवळे पडते, शेंडा खुरटतो. पाने कुरतडणाऱ्या, फळे पोखरणाऱ्या अळ्यांची तऱ्हा निराळी. पानाला भोके, फळाला छिद्र, छिद्राशी विष्ठा, अशी त्यांची खूण असते. खूण ओळखली की उपाय ठरतो, कारण रस शोषणाऱ्यावर चालणारा उपाय पोखरणाऱ्या अळीवर बहुधा चालत नाही.

माव्याचेच पाहा. त्याची मादी नराशिवाय थेट पिल्ले देते. ती पिल्ले आठ-दहा दिवसांत मोठी होऊन आपली पिल्ले देऊ लागतात. म्हणून सोमवारी चार दिसलेला मावा पुढच्या आठवड्यात शेंडा झाकून टाकतो. रसातली जास्तीची साखर तो चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. त्या गोडव्यासाठी मुंग्या येतात, आणि एकदा आल्या की ढालकिड्याला हुसकावून माव्याचे रक्षण करतात. देठावर मुंग्यांची रांग दिसली की तिच्या मागे मागे वर जावे. टोकाला मावा किंवा पिठ्या ढेकूण सापडतोच. अशा वेळी मुंग्यांची वाट तोडणे हाही कीड नियंत्रणाचाच भाग. बुंध्याभोवती चिकट पट्टी बांधली किंवा कुंडी पाण्याच्या थाळीत ठेवली तरी काम भागते.

नीट पाहिले तर माव्याच्या गर्दीत काही मावे फुगलेले, सोनेरी-तपकिरी आणि निश्चल दिसतात. त्यांच्या पाठीवर सुईच्या टोकाएवढे गोल भोक असते. एका बारीक गांधीलमाशीने त्यांच्या पोटात अंडी घातलेली असतात. आतली अळी माव्याला पोखरून मोठी होते आणि भोक पाडून उडून जाते. जवळच कधी केसासारख्या देठावर टांगलेली पांढरी अंडी दिसतात, ती हिरव्या, जाळीदार पंखांच्या क्रायसोपाची. त्याची अळीही माव्यावरच जगते. शेंड्यावर असे सोनेरी मावे किंवा ढालकिड्याच्या अळ्या दिसल्या तर चार-पाच दिवस थांबावे. त्या काळात फवारलेले विषारी औषध आधी या मित्रांना मारते, कारण ते संख्येने कमी असतात आणि सावकाश वाढतात. मावा परत येतो, आणि या वेळी त्याला अडवायला कोणी उरलेले नसते.

झाड आधी, कीड नंतर

कीड कुठेही उडून जाते, पण मुक्काम ठोकते ती अशक्त किंवा अति पोसलेल्या झाडावर. हिरवेगार दिसावे म्हणून मूठभर युरिया टाकला की पाने लुसलुशीत होतात, पेशी पातळ होतात, रसात नत्र वाढते, आणि माव्याला मेजवानी मिळते. त्यापेक्षा चांगले कुजलेले शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत सावकाश अन्न देते. शेणखत कच्चे मात्र टाकू नये. त्यातून हुमणी येते. सी आकारात वळलेली ही पांढरी अळी मुळे खाते. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमणारे तपकिरी भुंगेरे हीच हुमणीची पुढची अवस्था. दिव्याखाली पाण्याची परात ठेवून त्यांना त्याच आठवड्यात पकडले तर वर्षभराची हुमणी कमी होते.

पानशेतच्या पावसात झाड मरते ते बरेचदा किडीने नव्हे, साचलेल्या पाण्याने. मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशी शिरते. मिरची-वांगी म्हणूनच उंच गादीवाफ्यावर लावावीत. लागवडीच्या वेळी शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळावी. ही एक उपकारक बुरशी आहे. ती मातीतल्या रोगकारक बुरशींवर वाढते आणि मुळांभोवती त्यांना जागा उरू देत नाही. दोन रोपांत अंतर ठेवावे, खालची पिवळी पाने काढून टाकावीत. झाडातून वारा फिरला की पाने लवकर वाळतात आणि बुरशीला लागणारा ओलावा टिकत नाही.

या भागातला भातशेतकरी ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. उन्हाळा सरताना भाताच्या रोपांच्या जागेवर शेण, पालापाचोळा, बारीक फांद्या आणि गवत यांचे थर रचून ते पेटवण्याची पद्धत सह्याद्रीच्या मावळपट्टीत आहे. तिला राब भाजणे म्हणतात. त्या उष्णतेने तणांचे बी आणि मातीतली कीड जळते, आणि राखेतून रोपांना पालाश मिळते. पण रोपांसाठी दरवर्षी झाडांच्या फांद्या छाटाव्या लागतात, डोंगर उघडे पडतात. म्हणून आता गादीवाफ्यावर, बीजप्रक्रिया करून रोपे वाढवण्याचा सल्ला दिला जातो. जुन्या पद्धतीतले शहाणपण असे की पीक उभे राहण्याआधीच जमीन निरोगी करायची. ते तेवढे घ्यावे आणि फांद्या झाडावर राहू द्याव्यात.

तीन ऋतूंचा पहारा

पावसाळ्यात परसाचा मोठा शत्रू म्हणजे गोगलगाय. ती रात्री निघते, एका रात्रीत रोपांचा वाफा साफ करते आणि उजाडता चकाकणारी चिकट वाट तेवढी मागे ठेवते. गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाटाचे तुकडे संध्याकाळी वाफ्याच्या कडेला पसरावेत. सकाळी त्यांच्याखाली गोगलगायी गोळा झालेल्या सापडतात. हातमोजे घालून किंवा चिमट्याने त्या उचलाव्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. हे मिठाचे पाणी मातीत ओतू नये. उघडीप असेल तेव्हा वाफ्याभोवती चुन्याचा बोटभर जाड, चार बोटे रुंद पट्टा आखला तरी त्या ओलांडत नाहीत. पावसाने चुना धुतला की पट्टा पुन्हा आखावा लागतो.

पावसाच्या अखेरीला कारली आणि दोडके वाकडे व्हायला लागतात, पिवळे पडून गळतात. कापले तर आत पांढऱ्या अळ्या निघतात. हे काम फळमाशीचे. ती कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, त्यामुळे वरून कितीही फवारले तरी आतल्या अळीपर्यंत काही पोहोचत नाही. फळ बोटाएवढे असतानाच त्यावर कागदाची किंवा जुन्या सुती कापडाची पिशवी चढवावी. गळलेले फळ वेलाखाली पडू देऊ नये, कारण अळी त्यातून बाहेर पडून मातीत कोष करते. अशी फळे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावीत. कामगंध सापळाही मिळतो. त्यात मादीऐवजी नर अडकतो, आणि नर कमी झाले की फलित अंडी कमी होतात. एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा. आंबा-पेरूच्या फळमाशीला मिथाइल युजेनॉलचा गंध ओढतो, वेलवर्गीय भाज्यांच्या फळमाशीला क्यूल्युर. दारची तुळस कुस्करली की आंब्यावरच्या फळमाश्या तिच्याकडे येतात, त्याचे कारण तुळशीच्या तेलात हेच मिथाइल युजेनॉल असते.

हिवाळ्यात, विशेषतः ढगाळ हवेत, मावा येतो. वांग्याचा एखादा शेंडा एकाएकी मान टाकतो. पाणी घालूनही तो सावरत नाही, तेव्हा आत शेंडे व फळ पोखरणारी अळी असते. शेंडा छिद्राच्या खाली दोन बोटांवर कापून चेचून टाकावा. आठवड्यातून दोनदा एवढे केले तरी फळांतली अळी बरीच घटते. इथे कातरीची धार कोणत्याही औषधापेक्षा जास्त उपयोगी पडते.

उन्हाळ्यात धूळ आणि कोरडी हवा वाढली की पानांच्या पाठीवर लाल कोळी जाळी विणतो, मिरचीची पाने फुलकिड्यांमुळे वर वळतात. कोळ्याला ओलावा सोसत नाही. दोन-तीन दिवसांआड सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर जोराने साध्या पाण्याचा फवारा मारला तरी त्याची जाळी मोडते आणि वस्ती विरळ होते.

चुलीतून आणि झाडावरून घेतलेली औषधे

आजीच्या राखेमागे शास्त्र आहे. कोरडी, चाळलेली लाकडाची राख माव्याच्या मऊ अंगावरचा मेणाचा थर खरवडते आणि त्याच्या अंगातला ओलावा शोषते. सकाळी दव असताना टाकली तर ती चिकटून राहते. पण रोज टाकू नये. पानांची छिद्रे बुजतात, आणि राख क्षारयुक्त असल्याने माती बिघडू शकते. राख लाकडाचीच हवी, कोळसा किंवा प्लास्टिक जळलेली नको.

साबणाचे पाणी याच तत्त्वावर चालते. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम साधा अंगाचा साबण किसून विरघळवावा. कपड्यांची पावडर घेऊ नये, ती पाने भाजते. आधी एका पानावर फवारून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहावी. पान ठीक असेल तरच संध्याकाळी पूर्ण झाडावर, खालच्या बाजूने फवारावे. किडीच्या अंगावर पडला तरच हा उपाय चालतो. वाळला की त्याचा प्रभाव संपतो, म्हणून नंतर येणाऱ्या मित्रकिडींना त्याचा त्रास होत नाही.

सर्वांत भरवशाचे औषध मात्र निंबोळी. कडुनिंब हे मुख्यतः देशावरचे, कमी पावसाचे झाड. घाटमाथ्याकडे तो विरळ होत जातो. पानशेतकरांना निंबोळ्या बहुधा पूर्वेकडून, हवेली-पुरंदरकडून आणाव्या लागतात. मे-जूनमध्ये पिकून पडलेल्या निंबोळ्या गोळा करून गर काढावा आणि बिया सावलीत वाळवाव्यात. उन्हात वाळवल्या तर त्यातले मुख्य द्रव्य, अझाडिरॅक्टिन, कमी होते. पन्नास ग्रॅम बियांची भरड कापडात बांधून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवावी, सकाळी पिळून गाळावी, पाणी घालून एक लिटर करावे आणि चिमूटभर साबण मिसळावा. हा झाला पाच टक्के निंबोळी अर्क. फवारणी संध्याकाळी करावी, कारण सूर्यप्रकाशातही ते द्रव्य लवकर विघटित होते. अर्क त्याच दिवशी संपवावा.

निंबोळी किडीला झटकन मारत नाही. ती किडीची भूक मोडते आणि कात टाकण्याच्या प्रक्रियेत अडथळा आणते. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोळांवर प्रयोग केले. ज्या पिकावर निंबोळीच्या बियांचे पाणी फवारले होते, त्याला टोळांनी तोंड लावले नाही. जगाने पुढे या झाडाची दखल घेतली, इतकी की निंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक उपयोगावर १९९४ मध्ये युरोपात पेटंटही देण्यात आले. भारतातून त्याला आव्हान दिले गेले. हे ज्ञान भारतीय शेतकऱ्यांकडे आधीपासून होते हे दाखवल्यावर २००० मध्ये ते पेटंट रद्द झाले आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले. आपल्या अंगणातल्या झाडाची लढाई अशी म्युनिकपर्यंत गेली.

दशपर्णी अर्काची ख्याती महाराष्ट्रात मोठी आहे. कडुनिंबासोबत निरगुडी, करंज, सीताफळ, पपई, घाणेरी, एरंड, रुई, गुळवेल, कण्हेर अशा पाल्यांसह लसूण, मिरची, शेण आणि गोमूत्र पाण्यात महिनाभर कुजवून तो करतात. करंज, निरगुडी आणि घाणेरी पानशेतच्या ओढ्याकाठी भरपूर आहेत. पण नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असा समज मनातून काढावा. कण्हेर, रुई आणि एरंडाचे बी विषारी आहेत. तंबाखूचा काढा तर त्वचेतूनही अंगात भिनतो आणि टोमॅटो-मिरचीला विषाणूरोग देऊ शकतो, तो टाळावाच. उरलेल्या अर्कांना नाक-तोंड झाकून, हातमोजे घालून हात लावावा. कोथिंबीर, मेथी, अळू अशा पालेभाज्यांवर दशपर्णी फवारू नये, आणि फळभाजी फवारल्यावर आठवडाभर तोडू नये.

तांदळाच्या डब्यातला पतंग आणि पपईवरची गांधीलमाशी

निसर्गाच्या मित्रांना आपणही मुद्दाम बोलावू शकतो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या जैविक कीड नियंत्रण प्रयोगशाळेत ट्रायकोकार्डे तयार होतात. हातभर लांबही नसलेल्या त्या कागदी पट्टीवर बारीक दाण्यांसारखी सुमारे २० हजार अंडी चिकटवलेली असतात. ही अंडी कुणाची? घरच्या तांदळाच्या डब्यात जाळ्या करणाऱ्या पतंगाची. त्याला कॉर्सायरा म्हणतात. ट्रायकोग्रामा नावाची धुळीच्या कणाएवढी गांधीलमाशी या अंड्यांत आपली अंडी घालते. पट्टी शेतात टांगली की त्यातून नव्या गांधीलमाश्या बाहेर पडतात आणि पिकावरच्या खोडकिड्याची, बोंडअळीची अंडी शोधून त्यांच्यात आपली अंडी घालतात. अळी जन्मण्याआधीच तिचा काटा निघतो. डब्यातला त्रासदायक पतंगच इंद्रायणी आणि आंबेमोहर भाताच्या शेताला खोडकिड्यापासून वाचवायला मदत करतो.

पपईची कहाणी तर अजून ताजी आहे. मध्य अमेरिका आणि मेक्सिकोकडचा पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये तामिळनाडूत कोइम्बतूर परिसरात आढळला आणि थोड्याच काळात पुण्यापर्यंत पोहोचला. पपई, तुती, जास्वंद, साग, कशावरही पांढऱ्या कापसासारखे थर साचू लागले. फवारण्या वाढल्या, पण मेणाच्या कवचाखाली कीड सुरक्षित राहिली. इथल्या नैसर्गिक शत्रूंना ही नवी कीड अनोळखी होती. मग बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने २०१० मध्ये पोर्टो रिकोतून अॅसेरोफॅगस पपये ही परजीवी गांधीलमाशी आणली. मिलिमीटरभरही लांबी नसलेल्या या माशीला बागांमध्ये सोडण्यात आले. तिने काही महिन्यांत कीड आटोक्यात आणली, आणि पुण्यातल्या बागाही सावरल्या. माशी आजही आपणहून काम करते आहे. तिला विषाची फवारणी तेवढी झेपत नाही.

या माश्यांना परसात टिकवायचे तर त्यांना फुले द्यावीत. कोथिंबीर आणि बडीशेप चार रोपे फुलू द्यावीत, त्यांच्या बारीक फुलांतला मध या इवल्या गांधीलमाश्यांना पुरतो. बांधावर झेंडू लावला तर काही अळ्यांचे पतंग भाजीऐवजी त्यावर अंडी घालतात, आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमीही कमी होतात.

हे पाणी कुठे जाते

आजीचे एक वाक्य मला इतर सगळ्या उपायांपेक्षा मोठे वाटते: पाऊस सगळा धुऊन धरणात नेतो. पानशेतचे धरण अंबी नदीवर आहे आणि त्याचा जलाशय तानाजीसागर म्हणून ओळखला जातो. शेजारी मोसी नदीवर वरसगाव. दोन्हींचे पाणी खडकवासल्याला येते आणि तिथून पुण्याच्या नळाला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, खडकवासल्याची भिंतही टिकली नाही, आणि पुण्याने वरच्या खोऱ्याशी आपले नाते किती जवळचे आहे हे एका सकाळी अनुभवले. ते नाते पुरापुरते नाही. वेल्ह्याच्या, म्हणजे आता राजगड नाव मिळालेल्या तालुक्याच्या उतारावर कोणी मिरचीवर कोणते औषध मारले, यावर शहरातल्या पेल्यातले पाणी काही अंशी ठरते.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती माणसे जाणती होती, पिढीजात शेतकरी होती. घरच्या परसात तर लहान मुले, कोंबड्या आणि गाय त्याच झाडांत वावरतात. तिथे शेवटचा उपाय म्हणून कधी औषध घ्यावेच लागले, तर बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग पाहावा. लाल आणि पिवळा घरात आणूच नयेत. हिरवा सर्वांत कमी विषारी. फवारणी आणि तोडणीतले अंतर पाळावे, आणि ढगाळ, पावसाच्या दिवशी पंप उचलू नये.

दुसऱ्या सकाळी त्या वालाच्या वेलाकडे परत गेलो. राखेने शेंडे पांढुरके झाले होते, आणि मावा अजून होता, पण विरळ. आजीने राख न लावता सोडलेल्या पानाच्या पाठीवर ढालकिड्याच्या अळ्या कालच्या जागेवरून चार बोटे पुढे सरकल्या होत्या. त्यांच्या मागे देठ हिरवा, स्वच्छ दिसत होता.